चढावावर दम सोडणारी गाडी आणि हजार रुपयांच्या आतला ओबीडी अडॅप्टर

चढावावर अधूनमधून ताकद गमावणारी गाडी गॅरेजमध्ये नेली की ती हमखास व्यवस्थित चालते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, रेस देऊन पाहतो, रस्त्यावर एक फेरी मारून येतो आणि त्याला काहीच आढळत नाही. मग प्लग बदलणे, थ्रॉटल बॉडी साफ करणे, एअर फिल्टर नवा घालणे असा अंदाजाचा क्रम सुरू होतो आणि बिल वाढत जाते. ईएलएम ३२७ या चिपच्या धर्तीवर बनवलेला, हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्ल्यूटूथ ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती मोबाइलवर दाखवणारे छोटे उपकरण, अशा प्रसंगी कितपत कामाला येतो, याचे हे परीक्षण आहे. आमच्या घरच्या छोट्या गाडीतील असाच एक हट्टी बिघाड शोधताना मी तो वापरला आणि त्याविषयी माझे मत ठाम झाले आहे. केवळ गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचण्यासाठी हे उपकरण घेणाऱ्याची पुष्कळदा निराशा होईल. बिघाड घडत असतानाच्या नोंदी टिपण्यासाठी मात्र याच्या किमतीत याहून उपयोगी साधन माझ्या पाहण्यात नाही.

गाडी २०१५ सालची, एक लिटरची, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. फोंडा ते पणजी हा तिचा नेहमीचा रस्ता आणि अधूनमधून साखळी, केरी, चोर्ला घाट असे करत बेळगाव. बिघाडाचे स्वरूप असे की, गाडी थंड असताना फर्मागुडीचा चढाव ती विनातक्रार चढायची. परंतु बराच वेळ चालून झाल्यावर, विशेषतः घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबत नेला तरी गाडी ओढायची नाही. झटके नाहीत, मिसिंग नाही, धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. फक्त पिकअप हळूहळू विरत जायचा आणि मागून येणाऱ्या ट्रकला वाट द्यावी लागायची. कडेला थांबून इंजिन बंद केले आणि थोडा वेळ जाऊ दिला की पुढचा चढाव ती पुन्हा नीट चढायची. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांच्या स्वतःच्या स्कॅनरवर तपासणी झाली, एकही कोड नाही असे सांगण्यात आले, प्लग आणि थ्रॉटल बॉडी यांचे काम करून देण्यात आले, आणि तक्रार कायम राहिल्यावर क्लच प्लेट झिजली असावी असा निष्कर्ष काढण्यात आला. क्लचचे काम काही हजारांचे असते. ते करण्यापूर्वी पुरावा पाहावा, एवढ्याच हेतूने मी अडॅप्टर मागवला.

उपकरण समजून घेण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. गाडीचे प्रदूषण-नियंत्रण योग्य रीतीने चालले आहे की नाही यावर इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, स्वतःच लक्ष ठेवावे आणि ती माहिती कोणालाही एकाच ठरावीक पद्धतीने वाचता यावी, या विचारातून ओबीडी-२ हे मानक आले. अमेरिकेत ते १९९६ पासूनच्या गाड्यांना सक्तीचे झाले. आपल्याकडे ओबीडीची सुरुवात २०१० मध्ये झाली आणि ओबीडी-२ चा टप्पा २०१३ मध्ये आला. त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात हा अडॅप्टर बसतो आणि मोबाइलमधील टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारख्या ॲपशी ब्ल्यूटूथने जोडला जातो. मूळ चिप कॅनडातील ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची होती. बाजारात स्वस्तात मिळतात त्या बहुतेक सगळ्या तिच्या नकला आहेत, आणि पाकिटावर ‘आवृत्ती १.५’ असे लिहिलेले दिसले तर ती नक्कल आहे हे निश्चित समजावे, कारण मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नाही.

आता कोडविषयी. पहिल्यांदा जोडल्यावर ॲपनेही सर्व्हिस सेंटरसारखेच ‘कोड नाही’ असे उत्तर दिले, आणि पुष्कळ लोक नेमके याच ठिकाणी उपकरण निरुपयोगी ठरवून कपाटात टाकतात. वास्तविक ईसीयू कोड नोंदवते ते एखादे मूल्य ठरलेल्या मर्यादेबाहेर ठरलेला वेळ राहिले तरच, आणि अनेक कोडांच्या बाबतीत तसे सलग दोन फेऱ्यांत घडले तरच दिवा लावते. घाटात काही मिनिटे येऊन जाणारा बिघाड या चाळणीतून सहज निसटतो. मात्र पहिल्या वेळेस मर्यादा ओलांडली गेली की तो कोड ‘पेंडिंग’ या वेगळ्या यादीत जातो, आणि पुढच्या फेऱ्या सुरळीत झाल्या की तेथूनही पुसला जातो. म्हणून घाट चढून झाल्यावर, घरी पोहोचण्याची वाट न पाहता, गाडी कडेला लावून ही यादी वाचली पाहिजे. मी तशी वाचली तेव्हा त्यात पी ०१७१ दिसला. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, म्हणजे मिश्रण विरळ, असा त्याचा अर्थ. येथे कोड पुसून टाकण्याचे बटण दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्या एका कृतीने कोडाबरोबर जपून ठेवलेली त्या क्षणाची आकडेवारी आणि ईसीयूने दीर्घकाळात शिकलेली इंधन-दुरुस्तीची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-अधिक सोडायचे याची, मूल्येही नाहीशी होतात.

विरळ मिश्रणाचा कोड दिशा दाखवतो, जागा दाखवत नाही. इनटेकच्या एखाद्या फाटक्या नळीतून हवा आत शिरत असेल, इंधन कमी पोहोचत असेल, एखादा इंजेक्टर तुंबला असेल, किंवा जळालेल्या वायूंतला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरच चुकीचे सांगत असेल. चारही गोष्टी त्या एका कोडामागे असू शकतात. यापुढचे काम नोंदींचे आहे आणि उपकरणाची खरी किंमत येथे वसूल होते.

ॲपमध्ये शेकडो मूल्यांची यादी दिसते आणि ती सगळी निवडण्याची इच्छा होते, पण स्वस्त अडॅप्टरचा वेग मर्यादित असतो. विशेषतः ईसीयूशी संपर्काची जुनी, मंद के-लाइन पद्धत असलेल्या गाड्यांत सेकंदाला मोजकीच मूल्ये येतात, त्यामुळे वीस मूल्ये निवडली तर प्रत्येक मूल्य काही सेकंद जुने होते आणि त्यांची परस्परांशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. मी इंजिनाचे आरपीएम, गाडीचा वेग, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती टक्के उघडला आहे, झडपेपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधील दाब, पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज आणि अल्पकालीन इंधन-दुरुस्ती एवढीच मूल्ये ठेवली. नोंद सुरू करून मोबाइल शेजारी बसलेल्या भावाच्या हाती दिला. चालकाने घाटात पडद्याकडे पाहणे धोक्याचे आहे आणि त्याची गरजही नसते, कारण सगळे आकडे फाइलमध्ये साठतात आणि घरी संगणकावर त्यांचा आलेख काढता येतो.

केरी सोडून घाट सुरू झाल्यावर काही वळणांनंतर गाडीने दम सोडला, आणि त्या क्षणाच्या नोंदींनी एकेक संशयित बाजूला केला. पहिला गेला क्लच. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे आरपीएम चढते आणि गाडीचा वेग मात्र त्याच्या प्रमाणात वाढत नाही. आमच्या आलेखात दोन्ही रेषा एका गिअरमध्ये जशा असाव्यात तशाच, ठरलेल्या प्रमाणात, एकत्र खाली आल्या होत्या. म्हणजे चाकांपर्यंत ताकद पोहोचत होती, ती मुळात तयारच होत नव्हती. या एका निरीक्षणाने अडॅप्टरची किंमत कितीतरी पटीने वसूल झाली. त्यानंतर थ्रॉटल. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार जात नाही, ईसीयू मोटरने थ्रॉटल उघडते आणि एखाद्या सेन्सरवर तिचा विश्वास उरला नाही तर ती थ्रॉटल मुद्दाम थोडाच उघडू देते. आमच्या गाडीत पाय दाबला तसा थ्रॉटल उघडत होता, म्हणजे ही शंकाही मिटली.

मॅनिफोल्डमधील दाबाचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटला. इंजिन बंद आणि किल्ली चालू अशा अवस्थेत हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पणजीत समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असायला हवा आणि चोर्ल्याच्या माथ्यावर, साधारण ८०० मीटर उंचीवर, ९२ च्या आसपास. दोन्ही ठिकाणी आकडे बरोबर आले, म्हणजे सेन्सर विश्वासार्ह ठरला. वर गेल्यावर विरळ हवेमुळे या प्रमाणात ताकद कमी होणे स्वाभाविक असते आणि त्याला बिघाड समजू नये. गाडी दम सोडत असताना हाच दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास पोहोचला होता; एअर फिल्टर किंवा इनटेक तुंबला असता तर तो तेवढा चढला नसता. सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला तरीही हा दाब वाढलेला दिसतो, पण त्या स्थितीत मिश्रण विरळ होत नाही. आमच्याकडे ऑक्सिजन सेन्सर, जो एरवी ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो, ०.१ जवळ चिकटून बसला होता, म्हणजे मिश्रण विरळ असल्याचे सांगत होता, आणि ईसीयू इंधन वाढवण्याचा प्रयत्न करत दुरुस्ती अधिक २० टक्क्यांच्या पलीकडे नेत होती. तरीही मिश्रण सुधारत नव्हते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात, नाही तर हेच आकडे दिशाभूल करतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकणे थांबवते आणि दुरुस्तीचे आकडे गोठतात, म्हणून चढावावर पाय निम्म्याहून थोडा अधिक, पण पूर्ण नाही, असा स्थिर ठेवून नोंद घ्यावी लागते. दुसरे म्हणजे, एखादा सिलिंडर मिस करत असेल तर न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि मिश्रण विरळ नसतानाही तो विरळ सांगतो. तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल असेच फसवते. परंतु तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर गेला की संपूर्ण गाडी थरथरते. आमची गाडी गुळगुळीत चालत चालत मंदावत होती. त्यामुळे कॉइलकडे जाण्याचे कारण उरले नाही.

शेवटचा पुरावा आयडलिंगचा. उभ्या गाडीत दुरुस्तीचा आकडा शून्याच्या जवळपास होता आणि भार वाढेल तसा तो चढत होता. फाटक्या नळीतून हवा शिरत असती तर उलट झाले असते, कारण आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेते आणि त्यात वरची चोरटी हवा मोठी ठरते, तर भाराखाली तिचा वाटा नगण्य होतो. आयडलला ठीक आणि चढावावर विरळ, याचा अर्थ इंजिनाला जास्त पेट्रोल लागते तेव्हाच ते पुरत नाही.

अडॅप्टरची मजल येथे संपते. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत इंधनाच्या दाबाचा सेन्सरच नसतो, त्यामुळे पंप किती दाब देतो हे ईसीयूला ठाऊक नसते आणि म्हणून ॲपलाही सांगता येत नाही. पंप, त्याची जाळी, फिल्टर, रिले, वायरिंग यांपैकी कोण दोषी आहे हे ठरवायला हाताने मोजणे भाग असते. फोंड्याजवळच्या एका छोट्या गॅरेजमधील वयस्कर मेस्त्रींना मी आलेख दाखवले. त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले आणि म्हणाले, “पंप बदलायची घाई नको. आधी प्रेशर बघू, मग करंट कुठे अडतो ते बघू.” त्यांच्या कामाची ही पद्धत मला मोलाची वाटली, कारण अशा गाड्यांत पंप, जाळी आणि फिल्टर एकत्र असलेले पूर्ण मॉड्यूल बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो खर्च थोडाथोडका नसतो.

प्रेशर गेज लावून गाडी थंड असताना पाहिले तेव्हा दाब तीन बारच्या आसपास, म्हणजे योग्य, होता. लांब नळीने गेज काचेपाशी आणून त्यांनी गाडी चढावावर तापेपर्यंत चालवली तेव्हा तो दोन बारपर्यंत घसरताना दिसला. पेट्रोलच्या लाइनवरचे हे काम घरी करू नये. उघड्या पेट्रोलची वाफ आणि तापलेले इंजिन एकत्र असतात, तेव्हा ते जाणत्या माणसाकडेच सोपवावे. त्यानंतर मागची सीट काढून त्यांनी पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला. चालू इंजिनात बॅटरीवर १४ व्होल्टच्या जवळ आणि पंपावर मात्र त्याहून दोन व्होल्टपेक्षा अधिक कमी. पॉझिटिव्ह बाजूला घट नगण्य होती. सगळी घट अर्थिंगच्या बाजूला, जेथे पंपाची काळी वायर बॉडीला स्क्रूने कसलेली असते तेथे होती. कार्पेट उचलले तेव्हा तो स्क्रू आणि त्याखालचा पत्रा गंजलेला निघाला.

या निष्कर्षाने सगळी लक्षणे जुळली. गंजलेल्या सांध्यातून पंपाचा करंट सतत वाहिला की सांधा तापतो, तापला की त्याचा रोध वाढतो, पंपाला व्होल्टेज कमी मिळते आणि तो मंद फिरतो. आयडलला पेट्रोल थोडेच लागते म्हणून काही जाणवत नाही, घाटात मागणी वाढली की तुटवडा पडतो, आणि गाडी थांबवली की सांधा निवून पुन्हा काही काळ काम देतो. नवा पंप घातला असता तर त्यालाही याच सांध्यातून करंट मिळाला असता. पत्रा घासून स्वच्छ केला, वायरचे टोक नवे लावले, वरून पेट्रोलियम जेली लावून स्क्रू कसला आणि काम संपले. गोव्यात चार महिने मुसळधार पाऊस, बारा महिने दमट हवा आणि किनाऱ्यालगत त्यात खारेपणा, त्यामुळे पत्र्याला कसलेले असे सांधे येथे इतर ठिकाणांपेक्षा लवकर खराब होतात, आणि दाराच्या रबरातून झिरपलेले पाणी कार्पेटखाली दिवसेंदिवस साचून राहते. चढावावर पिकअप जाण्याची तक्रार असलेल्या प्रत्येक गोमंतकीय गाडीमालकाने मोठा खर्च करण्यापूर्वी अर्थिंगची ही तपासणी मागून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. मल्टिमीटर प्रत्येक गॅरेजमध्ये असतो आणि तपासणीला फार वेळ लागत नाही.

दुरुस्तीनंतर त्याच घाटात पुन्हा नोंद घेतली. ऑक्सिजन सेन्सर पुन्हा वरखाली होऊ लागला होता आणि भाराखालची दुरुस्ती पाच टक्क्यांच्या आसपास आली होती. उरलेल्या पाच टक्क्यांचे कारण बिघाडात नसून पेट्रोलमध्ये आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण १४.७ ला एक असते, ते अशा मिश्रणासाठी १३.५ च्या जवळ येते. १० टक्के मिश्रण गृहीत धरून बनवलेली जुनी गाडी त्यामुळे साधारण चार-पाच टक्के अधिक पेट्रोल स्वतःहून सोडते. जुन्या गाडीत हा आकडा पाहून कोणी इंजेक्टर साफ करण्याचा आग्रह धरला, तर त्याला हे कारण अवश्य सांगावे.

उपकरणाच्या उणिवाही नोंदवायला हव्यात. माझ्या अडॅप्टरची ब्ल्यूटूथ जोडणी लांबच्या प्रवासात मध्येच तुटते आणि पुन्हा जोडेपर्यंतचा भाग नोंदीतून गळतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात नेमका तोच भाग हवा असतो, म्हणून मी घाट सुरू होण्यापूर्वी थांबून जोडणी नव्याने करत असे. काही नकला के-लाइन पद्धत नीट हाताळत नाहीत, त्यामुळे जुनी गाडी असणाऱ्यांनी परत करण्याची सोय असेल तेथूनच खरेदी करावी. जोडणीचा पासवर्ड बहुतेक वेळा १२३४ किंवा ०००० असतो आणि जवळ उभा असलेला कोणीही त्यावरून गाडीच्या संगणकाशी बोलू शकतो. उंच बांधणीचा अडॅप्टर क्लचच्या पायाला लागतो, म्हणून आखूड बांधणीचा निवडलेला बरा. एसटीएन चिप वापरणारे ओबीडीलिंकसारखे महागडे अडॅप्टर अधिक वेगाने आणि अधिक स्थिरपणे नोंद देतात. ज्याला गॅरेज चालवायचे आहे त्याने तेच घ्यावेत, घरच्या एका गाडीसाठी स्वस्तातला पुरतो. आयफोन वापरणाऱ्यांना साधा ब्ल्यूटूथ अडॅप्टर चालत नाही, त्यांनी वाय-फाय किंवा ब्ल्यूटूथ लो एनर्जी असे स्पष्ट लिहिलेला मागवावा. आणि सॉकेटमधील सोळाव्या पिनेवर किल्ली बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू असतो, म्हणून गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवावा.